रस्ता, वृत्तपत्र आणि नगर : त्रिनिदादच्या कादंबरीची भौतिक पार्श्वभूमी

त्रिनिदाद आणि टोबॅगो या कॅरिबियन द्वीपराष्ट्राचे साहित्य आपल्याकडे प्रायः 'भारतीय डायस्पोरा' या सदराखाली वाचले जाते. परिणामी व्ही. एस. नायपॉल एका कप्प्यात जातात, सी. एल. आर. जेम्स आणि अर्ल लव्हलेस 'आफ्रो-कॅरिबियन' म्हणून दुसऱ्या कप्प्यात, आणि सॅम्युएल सेल्व्हन सोयीनुसार इकडे वा तिकडे. उन्मूलन, स्मृती, अस्मिता या संकल्पनांची चर्चा भरपूर होते. परंतु पात्रे एका गावाहून दुसऱ्या गावी कशी जातात, त्यांना बातमी कोठून कळते आणि ती ज्या वस्तीत राहतात ती वस्ती कशामुळे वसली, हे प्रश्न तपशिलाचे म्हणून सोडून दिले जातात. प्रस्तुत लेखाचा रोख या सोडून दिलेल्या प्रश्नांकडे आहे. वाहतूक, वृत्तमाध्यमे आणि नगररचना यांना त्रिनिदादच्या कादंबरीत पार्श्वभूमीपेक्षा पुष्कळ अधिक स्थान आहे. त्या कादंबरीचा आकारच त्यांनी घडविला आहे, असे मला वाटते. हे मान्य केल्यास वर उल्लेखिलेले कप्पे टिकवून धरणे कठीण जाते.

प्रथम भूगोल. त्रिनिदाद हे बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अगदी जवळ असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर आहे. वायव्य कोपऱ्यात पोर्ट ऑफ स्पेन ही राजधानी. तेथून पूर्वेकडे, उत्तरेच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, सान ह्वान, सेंट जोसेफ, टुनापुना, अरिमा अशी गावांची माळ. दक्षिणेकडे कॅरोनीचे सखल मैदान, त्यात शग्वानस आणि कूवा ही उसाच्या मुलखातील गावे, आणि त्यापलीकडे सान फर्नांडो हे दुसरे मोठे शहर. आणखी दक्षिणेस तेलाचा प्रदेश. म्हणजे नकाशावर काटकोनासारखी आकृती उमटते : एक भुजा पूर्वेकडे, दुसरी दक्षिणेकडे, आणि कोन राजधानीत.

ही आकृती निसर्गाने दिलेली खरी, पण पक्की केली ती रेल्वेने. १८७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन ते अरिमा हा लोहमार्ग सुरू झाला. १८८० मध्ये दक्षिणेकडील फाटा कूव्यापर्यंत आणि १८८२ मध्ये सान फर्नांडोपर्यंत पोहोचला. पुढे १८९७ मध्ये पूर्वेकडील सांग्रे ग्रांदे आणि १९१३ मध्ये नैर्ऋत्येकडील सिपारिया ही ठाणी जोडली गेली. या मार्गांचा मूळ हेतू साखर आणि कोको बंदरावर आणणे हा होता, प्रवासी नंतरचे. मळ्यांच्या सोयीने आखलेल्या मार्गांवर स्थानके झाली, स्थानकांभोवती दुकाने झाली आणि दुकानांभोवती गावे वाढली. टोबॅगो १८८९ मध्ये प्रशासकीय सोयीसाठी त्रिनिदादला जोडण्यात आले. तेथे हे जाळे कधीच गेले नाही. पोर्ट ऑफ स्पेन ते स्कारबरो ही बोटच त्याचा मुख्य दुवा राहिली आणि साहित्यातही टोबॅगो बराच काळ काठावरच राहिले.

भारतीय वाचकाला येथे एक तफावत ध्यानात घ्यावी लागते. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार भारतीय मजूर करारबद्ध होऊन त्रिनिदादला गेले. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याच्या बंदरातून आणि काही मद्रासहून गेले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचा समाज तेथे आजही मराठी म्हणून ओळखला जातो. तसा समाज त्रिनिदादमध्ये निर्माण होण्याचे कारणच नव्हते. या मजुरांना कराराच्या मुदतीत मळ्याबाहेर पडावयाचे तर परवान्याचा कागद जवळ बाळगावा लागे. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना आढळणे हा गुन्हा होता. त्यामुळे ज्यांच्या आजोबांना रस्ता निषिद्ध होता, त्या नातवांच्या कादंबऱ्यांत रस्ता, सायकल, बस, मोटार यांना जे महत्त्व येते ते केवळ वास्तववादी तपशिलाचे म्हणता येत नाही. लंडनच्या समीक्षेने यात पुष्कळदा नुसता विनोद पाहिला.

करारपद्धतीची भरती थांबली त्याच वर्षी, १९१७ मध्ये, 'त्रिनिदाद गार्डियन' हे दैनिक निघाले. हा निव्वळ योगायोग होय. पण साहित्येतिहासाच्या दृष्टीने उपयोगी योगायोग. 'पोर्ट ऑफ स्पेन गॅझेट' १८२५ पासून निघत होते, पण त्याचे जग राजधानीचे होते. 'गार्डियन'मध्ये १९२९ ते १९३४ या काळात गॉल्ट मॅगावन हा ब्रिटिश संपादक होता. त्याला बेटावरील गावांच्या, चाळींच्या, भांडणांच्या बातम्या हव्या होत्या. त्याने शग्वानसच्या परिसरातून लिहिण्यासाठी ज्या तरुणाला हाताशी धरले तो सीपरसाद नायपॉल, म्हणजे पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कादंबरीकाराचा पिता.

सीपरसाद यांच्या आयुष्यातील १९३३ ची एक घटना या लेखाच्या विषयाचे सार सांगून जाते. गुरांना होणाऱ्या अर्धांगाच्या रोगावर सरकारने लसीचा आग्रह धरला होता. ग्रामीण भारतीय शेतकरी मात्र लस टाळून कालीला बोकडाचा बळी देत होते. सीपरसाद यांनी हे वार्तापत्रात लिहिले. थोड्याच दिवसांत त्यांना धमकीचे पत्र आले : तोच बळी स्वतः दे, नाहीतर मरशील. सुधारणावादी विचाराच्या या वार्ताहराला अखेर तो बळी द्यावा लागला, आणि त्या प्रसंगाची बातमी त्यांच्या स्वतःच्या दैनिकातच नव्हे, तर न्यूयॉर्कच्या 'हेरल्ड ट्रिब्यून'मध्येही छापून आली. पुढे त्यांना मानसिक आजाराने ग्रासले. मुलाला ही हकीकत कळली ती वडिलांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, आणि तीही जुन्या वृत्तपत्राच्या कात्रणावरून. 'फाइंडिंग द सेंटर' (१९८४) या पुस्तकातील आत्मपर निबंधात त्याने ती सांगितली आहे.

या घटनेत अंतराचा विचार महत्त्वाचा आहे. शग्वानस ते पोर्ट ऑफ स्पेन हे अंतर जेमतेम वीस किलोमीटर. सकाळी छापलेले दैनिक त्याच दिवशी गावात पोहोचते, आणि ज्यांच्याविषयी बातमी लिहिली ते ती वाचतात किंवा कोणाकडून तरी वाचवून घेतात. मोठ्या देशात वार्ताहर गावाविषयी लिहितो ते शहरातील अनोळखी वाचकासाठी. बातमीचा विषय आणि बातमीचा वाचक यांच्यामध्ये शेकडो मैल असतात. त्रिनिदादमध्ये ही सुरक्षितता नव्हती. वृत्तपत्रामुळे निर्माण होणारा 'अनोळखी वाचकांचा समाज' राष्ट्रकल्पनेचा पाया असतो, असे बेनेडिक्ट अँडरसन यांच्यापासून आपण मानत आलो आहोत. या बेटावर वाचक अनोळखी नव्हताच. तो सासुरवाडीचा होता. येथील गद्यात जी विलक्षण सावधगिरी आणि जी उपहासाची सवय दिसते, तिचे एक मूळ मला या जवळिकीत दिसते.

'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) या कादंबरीत हेच द्रव्य आहे. नायक आधी पाट्या रंगवितो, मग वार्ताहर होतो. म्हणजे तो अक्षरांकडूनच अक्षरांकडे जातो, फक्त अक्षरांचा आकार लहान होत जातो. तुलसी कुटुंबाच्या 'हनुमान हाउस'ला आधार असलेली वास्तू शग्वानसच्या मुख्य रस्त्यावर आहे. नायपॉल यांच्या आजोळची ही इमारत १९२० च्या दशकात बांधली गेली आणि 'लायन हाउस' या नावाने ओळखली जाते. तिची दर्शनी बाजू रस्त्याकडे, दुकानासह, आणि कुटुंबाचा संसार मागे व वर. ही रस्त्यावरच्या बाजारगावाची रचना आहे, खेड्यातील घराची नव्हे. बिस्वास जेव्हा हे घर सोडून निघतो, तेव्हा कोठे जावयाचे हे त्याने ठरविलेले नसते. उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या बसगाड्यांचे वाहक उतारूंसाठी ओढाताण करीत असतात आणि तो राजधानीच्या गाडीत चढतो. मराठी वा हिंदी कादंबरीत नायकाचे शहरात जाणे हा निर्णय असतो, त्यामागे पत्र, मनिऑर्डर, ओळखीचा माणूस असे काही असते. येथे तो वाहतुकीच्या स्पर्धेचा परिणाम आहे. १९३० च्या सुमारास खासगी बसगाड्यांनी रेल्वेचे उतारू पळविण्यास प्रारंभ केला होता. कादंबरीने ती आर्थिक घडामोड एका परिच्छेदात पकडली आहे. अखेरीस बिस्वासला घर मिळते आणि त्याच्या दाराशी फोर्ड प्रीफेक्ट मोटार उभी राहते. घराविषयी आपण पुष्कळ लिहिले आहे. मोटारीविषयी फारसे नाही.

सेल्व्हन यांच्या 'ए ब्रायटर सन' (१९५२) या कादंबरीत रस्ता हेच कथानक आहे. १९४० च्या करारानुसार ब्रिटनने अमेरिकेला कॅरिबियन बेटांवर लष्करी तळ दिले. त्रिनिदादमध्ये शाग्वारामास येथे नौदलाचा आणि वॉलरफील्ड येथे हवाई दलाचा तळ झाला. आणि त्यांसाठी अमेरिकन लष्कराने १९४१-४२ मध्ये 'चर्चिल-रूझवेल्ट महामार्ग' बांधला. तो जुन्या पूर्व रस्त्याला आणि लोहमार्गाला समांतर, भाजीपाल्याच्या मळ्यांतून गेला. शग्वानसहून लग्न होऊन बाराटारिया येथे आलेला सोळा वर्षांचा टायगर प्रथम त्या मळ्यांत राबतो आणि मग त्याच रस्त्याच्या कामावर जातो. त्याला वाचावयास शिकविणारा म्हातारा सुकदेव त्या रस्त्यापायी आपली जमीन गमावतो व त्या धक्क्यातून उठत नाही. ज्या आधुनिकतेने टायगरला मजुरी दिली तिनेच त्याचा गुरू नेला, असा हा हिशेब आहे, आणि सेल्व्हन तो कोठेही मोठ्याने मांडत नाहीत.

या कादंबरीतील दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय आहे. तिच्या प्रकरणांच्या आरंभी युद्धाच्या, जागतिक राजकारणाच्या आणि बेटावरील किरकोळ अपघात-अफवांच्या घटना एकापुढे एक, वृत्तपत्राच्या स्तंभासारख्या, कोणतीही प्रतवारी न लावता येतात. युरोपातील लढाई आणि पोर्ट ऑफ स्पेनमधील एखादी विचित्र घटना यांना तेथे समान जागा मिळते. सेल्व्हन युद्धकाळात नौदलाच्या राखीव दलात बिनतारी संदेशयंत्रावर काम करीत होते आणि नंतर १९५० पर्यंत 'गार्डियन'च्या कचेरीत होते. तारयंत्र आणि वृत्तकक्ष या दोन्ही ठिकाणी बातम्या अशाच, क्रमाने आणि संदर्भाविना, येत असतात. समीक्षकांनी या रचनेला 'आधुनिकतावादी तंत्र' म्हटले तर चूक नाही. पण हे तंत्र डब्लिनहून आले की टेलिप्रिंटरवरून, हा प्रश्न विचारावयास हवा.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो : त्रिनिदादचे इतके लेखक वृत्तपत्रांतून का आले? सीपरसाद आणि सेल्व्हन यांच्याप्रमाणेच लव्हलेस यांनी आरंभी 'गार्डियन'मध्ये मुद्रितशोधनाचे काम केले. सेंट लुशियाहून आलेले डेरेक वॉलकॉट १९६० च्या दशकात त्याच दैनिकात नाट्य-कलासमीक्षा लिहीत होते. जेम्स यांनी १९५८ मध्ये मायदेशी परतल्यावर 'द नेशन' हे पक्षपत्र चालविले. उत्तर सरळ आहे. बेटावर पुस्तकप्रकाशनाचा व्यवसाय जवळजवळ नव्हता. सीपरसाद यांना आपला कथासंग्रह १९४३ मध्ये स्वखर्चाने छापून घ्यावा लागला. १९३१ ते १९३३ या काळात आल्बर्ट गोम्स यांनी चालविलेले 'द बीकन' मासिक हे एक तेजस्वी पण अल्पायुषी उदाहरण. जेम्स आणि आल्फ्रेड मेंडिस यांच्या मंडळींनी त्यातून आणि त्यापूर्वीच्या 'त्रिनिदाद' या नियतकालिकातून शहरातील 'बॅरक-यार्ड' म्हणजे रस्त्यावरील घरांमागे दडलेल्या, एका आवारात रांगेने बांधलेल्या खोल्यांच्या वस्त्या साहित्यात आणल्या. जेम्स यांची 'मिंटी ॲली' (१९३६) ही कादंबरी त्याच शोधातून आली. परंतु गद्य लिहून वेतन मिळण्याची जागा म्हणजे दैनिकाची कचेरी, दुसरी जवळपास नव्हतीच.

दुसरी जागा नभोवाणीने दिली, आणि तिची यंत्रणा विचित्र होती. बी.बी.सी.चा 'कॅरिबियन व्हॉइसेस' हा कार्यक्रम १९४३ ते १९५८ या काळात चालला. उना मार्सन यांनी तो सुरू केला आणि १९४६ पासून हेन्री स्वान्झी यांनी त्याला साहित्यिक शिस्त दिली; १९५४ नंतर काही काळ तरुण नायपॉलही त्याचे संपादन करीत होते. पोर्ट ऑफ स्पेनमधील लेखकाने कथा लिहावी, ती जमैकातील किंग्स्टन येथे ग्लॅडिस लिंडो या प्रतिनिधीकडे पाठवावी, तेथून ती लंडनला जावी, लंडनमध्ये कोणी कॅरिबियन आवाज ती वाचून दाखवावी आणि लघुलहरींवरून ती रविवारी पुन्हा बेटावर ऐकू यावी. एकाच शहरातील दोन लेखकांना एकमेकांचे लेखन या फेऱ्यातून कळे. मानधन लंडनचे, निवड लंडनची, भाषा मात्र बोलीच्या अधिकाधिक जवळ जाणारी, कारण ती ऐकण्यासाठी लिहिलेली होती. 'मिगेल स्ट्रीट' (१९५९) मधील कथा बी.बी.सी.च्या मुक्त लेखकांच्या खोलीतील टंकयंत्रावर लिहिल्या गेल्या. त्यांची छोटी वाक्ये, संवादांचा ठेका आणि मोटारींचे भाग सुटे करून त्या बिघडविणाऱ्या भाकचूसारखी पात्रे वाचताना हे ध्वनिमाध्यम कानाआड करता येत नाही.

नायपॉल यांचा वार्ताहराचा हा वारसा मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. 'इंडिया : अ मिलियन म्युटिनीज नाऊ' (१९९०) या ग्रंथातील मुंबईच्या भागात नामदेव ढसाळ आणि मल्लिका यांच्या भेटीचे जे वर्णन आहे, त्यात घराचा पत्ता, तेथवरचा प्रवास, खोलीची मांडणी आणि मग माणसाचे बोलणे हा क्रम आहे. त्या ग्रंथातील मतांविषयी मराठीत वाद होऊ शकतो. पण ही पद्धत १९३० च्या पोर्ट ऑफ स्पेनमधील वृत्तकक्षाची आहे.

आता दुसरी भुजा. आफ्रिकी वंशाच्या नागर वर्गाचे वृत्तपत्र छापील नव्हते. ते गायले जाई. कॅलिप्सो या गीतप्रकाराने खून, घटस्फोट, गव्हर्नरची फजिती, तेलकामगारांचा संप या सगळ्यांची वार्ता कार्निव्हलपूर्व हंगामात शहरातील तंबूंतून दिली. सरकारला त्याची ताकद कळली होती : १९३४ च्या नाट्यगृहविषयक कायद्याने गीतांवर पोलिसांची नजर आली. त्याच वर्षी अटिला द हून आणि रोअरिंग लायन हे गायक ध्वनिमुद्रणासाठी न्यूयॉर्कला गेले. छापील दैनिकाला जे लिहिता येत नव्हते ते तबकडीवर फिरू लागले. भारतीय समाजाचे श्राव्य-दृश्य जग याच दशकात उघडले. १९३५ मध्ये 'बाला जोबन' हा हिंदी बोलपट बेटावर दाखविला गेला आणि १९४७ मध्ये 'रेडिओ त्रिनिदाद' सुरू होताच कमालुद्दीन महंमद यांनी भारतीय संगीताचा कार्यक्रम चालविला. म्हणजे एकाच शहराच्या हवेत दोन स्वतंत्र ध्वनिसृष्टी होत्या, आणि बसगाडीत त्या शेजारी बसत.

लव्हलेस यांची 'द ड्रॅगन कान्ट डान्स' (१९७९) ही कादंबरी नेमकी या शेजारावर आहे. पोर्ट ऑफ स्पेनच्या टेकडीवरील आवारात उसाच्या मुलखातून आलेला पारियाग राहतो. शेजाऱ्यांनी आपली दखल घ्यावी म्हणून तो एक सायकल विकत घेतो. दखल घेतली जाते ती सायकल मोडून. मोडकी सायकल हातात धरून तो वस्तीतून चालतो तो प्रसंग मला त्या साहित्यातील सर्वांत मूक प्रसंगांपैकी एक वाटतो. नायपॉल यांच्या बिस्वासची मोटार आणि लव्हलेस यांच्या पारियागची सायकल एकाच अभ्यासक्रमात, एकाच आठवड्यात शिकवावयास हव्यात. आपल्या सध्याच्या कप्प्यांमुळे त्या एकमेकींना भेटत नाहीत.

त्याच कादंबरीच्या उत्तरार्धात टेकडीवरील तरुण पोलिसांची जीप पळवितात आणि तिच्यावरील ध्वनिक्षेपकातून लोकांना हाका मारीत शहरात फिरत राहतात. हाती ध्वनिक्षेपक आलेला आहे, पण त्यावरून काय सांगावयाचे हे ठाऊक नाही. ही कल्पना १९७० च्या 'ब्लॅक पॉवर' उठावाच्या छायेत आहे. १२ मार्च १९७० रोजी राजधानीतील निदर्शक आफ्रिकी-भारतीय ऐक्याची घोषणा देत कॅरोनीच्या उसाच्या मुलखाकडे पायी गेले. रेल्वे डिसेंबर १९६८ मध्ये कायमची बंद झालेली होती. काटकोनाच्या दोन भुजांमधील मानसिक अंतर तोडण्यासाठी त्यांना चालावे लागले, यात प्रतीक शोधण्याची गरज नाही; पण त्या दिवशीचा मार्ग नकाशावर काढून पाहण्यासारखा आहे.

रेल्वेचा ऱ्हास आणि तेलाची स्वस्ताई यांतून पुढचे नगर घडले. पूर्वेकडील जुन्या लोहमार्गाच्या जागी बसगाड्यांसाठी राखीव रस्ता झाला. १९७० च्या दशकात 'मॅक्सी-टॅक्सी' ही लहान बस आली : पांढरी गाडी आणि तिच्यावर मार्गानुसार रंगीत पट्टा. राजधानी व पश्चिमेसाठी पिवळा, पूर्वेसाठी तांबडा, शग्वानस-सान फर्नांडोसाठी हिरवा, टोबॅगोत निळा. जुना काटकोन आता रंगांनी लिहिला गेला. या गाड्यांतील मोठ्या आवाजातील संगीत हेही एक प्रसारमाध्यमच होते; कोणत्या पट्ट्याच्या गाडीत कोणते संगीत, हा समाजशास्त्राचा विषय आहे. लोकवस्तीचे वजनही सरकले. २०११ च्या जनगणनेत पोर्ट ऑफ स्पेन नगराच्या हद्दीत सुमारे ३७ हजार आणि शग्वानसमध्ये सुमारे ८३ हजार लोक होते. ज्या गावातून पळून बिस्वास राजधानीच्या बसमध्ये चढला, ते आता देशातील सर्वाधिक लोकसंख्येचे नागरी क्षेत्र आहे. 'गाव ते शहर' ही रूढ कथनरेषा लावून १९६१ ची ती कादंबरी आज वाचताना हा बदल डोळ्यांआड करता येत नाही.

वॉलकॉट यांच्या १९९२ च्या नोबेल व्याख्यानाची सुरुवात कॅरोनी मैदानाच्या काठावरील फेलिसिटी या खेड्यातील रामलीलेने होते. तिला अवशेष मानण्याची आपली चूक ते तेथे दुरुस्त करतात. ही दुरुस्ती आपल्याकडे वारंवार उद्धृत होते. ते शहरातून मोटारीने तेथे गेले होते आणि मित्रांना दाखविण्यासाठी गेले होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

राहिले दूरचित्रवाणीचे. 'टी.टी.टी.' ही राष्ट्रीय वाहिनी स्वातंत्र्याच्या वर्षी, १९६२ मध्ये सुरू झाली, २००५ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये त्याच नावाने पुन्हा आली. २७ जुलै १९९० रोजी यासीन अबू बक्र यांच्या सशस्त्र गटाने संसदेच्या 'रेड हाउस'मध्ये पंतप्रधान ए. एन. आर. रॉबिन्सन यांच्यासह अनेकांना ओलीस धरले आणि त्याच संध्याकाळी टी.टी.टी.च्या पडद्यावरून सरकार उलथल्याची घोषणा केली. सरकार उलथले नव्हते. सहा दिवसांनी गट शरण आला. मध्यंतरीच्या काळात राजधानीचा व्यापारी भाग लुटला आणि जाळला गेला. घोषणा प्रत्येक घरात पोहोचली होती, परंतु घोषणा करणाऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणे लोक त्यांच्यामागे उभे राहण्यासाठी रस्त्यावर आले नाहीत. लव्हलेस यांनी जीपचा प्रसंग लिहून तेव्हा अकरा वर्षे झाली होती.